गवतावरच्या बायका

माझा राग नाकावर असतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. बागेतल्या जुन्या बँडस्टँडचं सांस्कृतिक केंद्र करायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मावशी एवढंच म्हणाली, "सुतारांवर ओरडू नकोस म्हणजे झालं." मी ओरडले. नऊ महिने ओरडले आणि काम वेळेत पुरं केलं.

बँडस्टँड शंभर वर्षांचा. मागे शिंपल्यासारखी वळलेली लाकडी भिंत, पुढे फळ्यांचा चौथरा आणि समोर उतरतं गवत. तोंड सताड उघडं. बँड कधीच बंद पडला होता. गेली एकवीस वर्षं तिथे दुपारी दोन ते तीन माझी मावशी बायकांना गाणं शिकवायची. कुणी घरकामाला जाणाऱ्या, कुणी दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या, कुणी दवाखान्यात फरशी पुसणाऱ्या. दोन कामांच्या मधला तास त्या तिथे घालवायच्या. पावसात वर्ग बुडायचा, थंडीत मावशीचा घसा बसायचा. आई गेल्यावर मला हिनंच वाढवलं. तिच्या डोक्यावर धड छप्पर आणि समोर भिंत उभी करायची संधी मी सोडते कशाला?

समोरची काच मीच निवडली. ऊन परतवणारी, बाहेरून आरशासारखी, आतून स्वच्छ. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मावशीला हाताला धरून सगळं दाखवलं, अगदी दिव्यांची बटणंसुद्धा. काचेवर टिचकी मारून म्हटलं, "बाहेर ढोल बडवला तरी आत ऐकू यायचा नाही!" ती काचेसमोर बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "छान झालंय गं." मी हवेत.

केंद्राचा नियम साधा होता. प्रत्येक वर्गाच्या हजेरीत किमान बारा जण हवेत. तीन महिन्यांनंतर कमी भरले तर ती वेळ दुसऱ्या गटाला. मावशीच्या सतरा जणी होत्या, त्यामुळे मी निश्चिंत होते. या वर्गाला गळती कायमचीच. कुणाचं काम बदलतं, कुणाला नातवंड होतं. पण जितक्या जायच्या तितक्या नव्या यायच्या. आता मात्र नुसत्याच जात होत्या. दुसऱ्या महिन्यात तेरा, तिसऱ्यात नऊ.

मी फाटकावर फलक लावला. प्रवेश मोफत, सर्वांचं स्वागत, अक्षरं हातभर. मग पहारेकऱ्याला धारेवर धरलं, तोच बायकांना हुसकत असणार म्हणून. तो बिचारा रडवेला झाला. "ताई, मी दार उघडून धरतो हो. येतच नाही कुणी."

शेवटच्या शुक्रवारी दोन वाजता मी काचेच्या चौकटीतून पाणी झिरपतंय का ते बघायला बाहेर उभी होते. एक बाई गवतावरून वर आली. अंगावर दुकानाचा निळा एप्रन, हातात कापडी पिशवी. काचेत तिला तीच दिसली. तिनं केस कानामागे सारले, एप्रनवरचा डाग पिशवीआड घेतला आणि वळली.

मी धावत तिला गाठलं. "अहो, आत या ना!"

"नको नको," ती दचकली. "मी आपली गवतावर बसून ऐकायचे. बाई काही म्हणायच्या नाहीत. दोन गाणी नीट बसली की चढू वर, असं ठरवलं होतं. आता काही ऐकू येत नाही, दिसत नाही. बंद पडला ना वर्ग?"

"चालू आहे. चला, मी सोडते आत."

"एकदम आत?" तिनं घड्याळ पाहिलं. "नको. कामावर उशीर होईल." आणि ती भराभरा निघून गेली.

आत जाऊन मी गाणं थांबवलं आणि सरळच विचारलं, "तुम्ही पहिल्यांदा वर कशा चढलात?"

"दोन महिने गवतावर होते," एक म्हणाली. दुसरी सहा आठवडे. सगळ्यांत मागची लाजत म्हणाली, "मी वर्षभर. बाईंनी कधी बोलावलं नाही. शेवटच्या रांगेत एक जागा मोकळी असायची, तेवढंच."

शाळेत असताना मी याच चौथऱ्यावर बसून अभ्यास करायचे. गवतावर बसलेल्या त्या बायका मला रिकामटेकड्या वाटायच्या. आराखड्यात मी गवत दाखवलं, पायऱ्या दाखवल्या, त्यांचा विचारच केला नाही. 

"मावशी, ही काच मी काढायला लावते."

"वर्ष जाईल त्यात. सोमवारपासून आपली वेळ गेली." ती पेटीचा भाता मिटत होती. "इथून सगळं दिसतं गं. रोज कुणीतरी येतं, स्वतःला बघतं आणि परत जातं."

"तुला कधी कळलं?"

"तू दाखवलंस त्याच दिवशी."

"मग बोलली का नाहीस? तेव्हा बदलता आली असती!"

"इतक्या कौतुकानं दाखवत होतीस," मावशी म्हणाली. "माझ्याच्यानं बोलवलं नाही."