दशमीचं ग्रहण

माझी बायको तुळसी गेल्याचं मला दुकानात कळलं. म्हैसूरात चामराजपुरमला माझं शिलाईचं दुकान आहे. एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याचं माप घेत होतो, तेवढ्यात हॉस्पिटलातून मुलाचा, शेषगिरीचा फोन आला. गिऱ्हाइकाला गुरुवारी या म्हणालो आणि शटर ओढलं. मग तुळसीच्या थोरल्या बहिणीला, अंबूताईंना फोन केला. मार्गशीर्षातली दशमी होती.

अंबूताई सोसले गावाच्या पुढे, कावेरीतल्या एका लहान बेटावर राहतात. नारळ, केळी आणि थोडी घरं. माझ्या सासूबाई त्यांच्याकडेच असतात. सासूबाईंचं काळीज अशक्त, म्हणून मुलगी गेल्याचं त्यांना सांगायचं नाही असं अंबूताईंनी ठरवलं. पण सुतकाची अंघोळ चुकवता येईना. तेव्हा त्यांनी आईला सांगितलं की आज ग्रहण आहे, आणि डोक्यावरून पाणी घातलं.

चैत्र जवळ आला. वर्षाच्या आत आमच्या घरी उगादी, म्हणजे पाडवा, करायची नव्हती. शेषगिरी म्हणाला, "नाना, मावशीकडे जाऊन राहा. जरा आराम करा."

गेलो. टोपलीसारख्या गोल होडीतून नावाड्याने पलीकडे सोडलं. करंज फुलला होता. नदी उतरून खडक वर आले होते. सकाळी पाण्यात पाय सोडून बसायचं, दुपारी करंजाखाली खाटेवर पडायचं. तिथे झोप लागत होती. म्हैसूरला लागत नव्हती.

पहिल्याच संध्याकाळी अंबूताईंनी मला विहिरीपाशी गाठलं.

"नागोजीराव, आईला तुम्हीच सांगा. मी खोटं बोलून बसले, आता माझ्या तोंडून निघत नाही."

"त्या विचारतात?"

"आधी विचारायची, तुळसी का येत नाही म्हणून. संक्रांतीपासून विचारत नाही. त्याचंच भय वाटतं. बाहेरून कळलं तर मला घरातून काढेल."

"घर तुमचं आहे."

"तुम्हाला आई ठाऊक नाही."

मलाही सांगायचंच होतं. तुळसीला माझ्याआधीपासून ओळखणारी माणसं आता ही दोनच होती, आणि एकीला कळू नये म्हणून त्या घरात कुणी तिचं नाव घेत नव्हतं. मला तिच्याबद्दल कुणाशी तरी बोलायचं होतं.

उगादीच्या आदल्या दिवशी सासूबाई ओट्यावर कडुलिंबाचा मोहोर निवडत बसल्या होत्या. मी समोर बसलो.

"आई, एक सांगायचं होतं."

"आधी कॉफी घ्या. निवतेय."

घेतली.

"जावईबापू, आज अमावास्या ना?"

"हो."

"ग्रहण लागलं तर आज लागेल. नाही तर पौर्णिमेला." त्यांनी एक काडी बाजूला टाकली. "अंबूनं मला दशमीला ग्रहणाची अंघोळ घातली. दुसऱ्या दिवशी मी एकादशी धरली. लग्न झाल्यापासून धरते. आणि ही पोरगी मला पंचांग शिकवते."

मी कप खाली ठेवला.

"अंघोळ कुणाची होती ते मी तिला विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हीही सांगू नका. तुम्ही सांगितलंत की ते खरं होईल. आणि अंबूला यातलं काही बोलू नका. आधीच रात्रीची उठून माझा श्वास बघत असते."

मग त्यांनी मोहोराचं दुसरं सूप माझ्यापुढे केलं. आम्ही दोघं निवडत बसलो.

सण झाला. मी निघालो तेव्हा अंबूताई होडीपर्यंत आल्या. "सांगितलंत?"

"नाही," मी म्हणालो.

"मग आलात कशाला?" त्या म्हणाल्या. "सुम्ने, उगीच जेवायला?"

दरवर्षी सासूबाई नारळाचं पोतं देतात. त्यावर तुळसीसाठी केळीच्या पानात बांधलेला मोगऱ्याचा गजरा असायचा. या वर्षी नुसते नारळ होते.

मी परत दुकान उघडलं आहे. तुळसी गेली, हे सासूबाईंना अजून कुणी सांगितलेलं नाही.