वाफेचा दोष

“ते सगळं खरं हो डॉक्टरबाई, पण वाफेचं काय?” आईने तिसऱ्यांदा विचारलं.

मुलाने कपाळाला हात लावला. तो सव्वीस वर्षांचा, पाणीखात्यात मीटर तपासणारा. जन्मापासून त्याच्या अंगावर लाल चट्टे उठत. आज मांडीवर, उद्या पाठीवर. गुडघ्यांची कातडी तर कायमचीच जाड, खरखरीत. आई लॉन्ड्रीत वाफेच्या इस्त्रीवर. नववा महिना लागला तरी तिथेच उभी होती. ‘पोराला पोटातच वाफवलंस,’ असं आजी तेव्हा म्हणाली आणि मरेपर्यंत म्हणत राहिली. आईने कधी उलट उत्तर दिलं नाही.

“काकू, पुन्हा सांगते,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “कातडीतल्या पेशींमध्ये इवल्या वाटा असतात, प्रथिनांच्या. गरजेपुरत्या उघडतात, मिटतात. जनुकातल्या एका चुकीमुळे ह्याचं ते प्रथिन बिघडलंय. मिटायचं तेव्हा मिटत नाही. पेशी गळतात, कातडी चिडते.”

“म्हणजे नळाचा वॉशर गेलाय माझ्या,” मुलगा म्हणाला.

“तसंच. फक्त हा वॉशर अजून बाजारात मिळत नाही.”

आई हसली नाही. “पण गरमीनं वाढतं ना त्याचं?”

“वाढतं. सुरू गरमीनं झालं नाही. तुमच्या रक्तात ती चूक नाही, ह्याच्या बाबांच्याही नाही. ह्याच्यातच नव्यानं झाली, अगदी गर्भ राहतानाच. तेव्हा तुम्हालासुद्धा दिवस गेल्याचं ठाऊक नव्हतं.”

“आणि माझ्या मुलांना?” मुलाने विचारलं.

“निम्मी शक्यता. लग्न ठरलं की दोघं या, आधी तपासता येतं.”

त्याने मान हलवली. ते ओझं त्याचं होतं. निदान आता त्याचं वजन कळलं होतं.

“लिहून द्या,” आई म्हणाली.

“अहवालात आहे की सगळं.”

“त्यात त्याचं आहे. माझं कुठाय?”

“आई, दाखवणार कुणाला? आजीला जाऊन नऊ वर्षं झाली!”

“तू गप रे. मला वाचायचंय.”

डॉक्टरबाईंनी मलमाची चिठ्ठी लिहायचा कागद ओढला. ‘आईच्या कामाचा या आजाराशी काहीही संबंध नाही.’ खाली सही केली, शिक्का मारला. आईने शाई वाळेपर्यंत फुंकर घातली, ओठ हलवत दोनदा वाचलं. मग कडेला कड लावून घडी घातली आणि अंगठ्याने दाबून बसवली.

बसमध्ये दोघांना जागा मिळाली. दुसरा थांबा यायच्या आत आईला झोप लागली. डोकं त्याच्या खांद्यावर, तोंड किंचित उघडं. दिवसाउजेडी झोपलेली आई त्याने कधी पाहिली नव्हती.

त्यांचा थांबा आला.

“उतरायचं ना तुम्हाला?” कंडक्टरने विचारलं.

“नाही,” तो हळूच म्हणाला. “शेवटच्या थांब्यापर्यंतची दोन द्या.”