आठाचा तीन

“हा तीन नाही, काका. आठ आहे.”

नर्सबाईंनी फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि मोबाइल बिल्लेमास्तरांच्या नाकासमोर धरला. मोबाइल बिल्लेमास्तरांचाच होता आणि फोटोही त्यांनीच काढलेला. लष्करी पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर आणि नाव इंग्रजीत कोरलेलं असतं, त्या कडेचा. हा फोटो त्यांनी आल्यागेल्याला कौतुकानं दाखवला होता, पण इतका मोठा करून बघायचं त्यांना कधी सुचलं नव्हतं. शेवटच्या आकड्याच्या डाव्या बाजूला दोन पुसट बाक दिसत होते.

ते कुठल्या शाळेत मास्तर नव्हते. उभा जन्म नळांच्या कारखान्यात पॉलिशच्या चाकावर गेला. निवृत्त झाल्यावर भंगारवाल्यांकडून जुनी पदकं घ्यायची, त्यांचे मूळ मालक शोधायचे आणि सापडलं तर घरी नेऊन द्यायची, असा नाद लागला आणि गल्लीनं ही पदवी बहाल केली. मुलगा म्हणायचा, “बाबा, लोक म्हातारपणी देवाचं करतात, तुम्ही भंगाराचं करता.” हे शौर्यपदक परत केल्याची बातमी फोटोसकट पेपरात आली, तेव्हा कुठे मुलाचं तोंड बंद झालं. महिनाभर बिल्लेमास्तर कॉलर ताठ करून हिंडत होते. ती बातमी वाचूनच नर्सबाई पत्ता काढत आल्या होत्या.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. पदक त्यांच्या वडिलांचं. भावानं जुन्या भांड्यांबरोबर तेही भंगारात घातलं. ज्या शिपायाच्या आईला बिल्लेमास्तरांनी ते नेऊन दिलं तो वडिलांच्याच नावाचा, एकाच दिवशी एकाच रांगेत भरती झालेला, त्यामुळे नंबरात फरक फक्त शेवटच्या आकड्याचा. पलटणीत एकाला थोरला म्हणत, दुसऱ्याला धाकटा. वडील आता अंथरुणाला खिळलेले. लेकीला ओळखत नव्हते, पण नंबर विचारला की घडाघडा सांगत. आणि पदक मागत.

“पण कडेवर तीन कसा झाला?” नर्सबाईंनी विचारलं.

कसा झाला ते बिल्लेमास्तरांना चांगलंच ठाऊक होतं. जुन्या पदकाला पॉलिश लावायचं नाही, हा या छंदाचा पहिला नियम. तो ते चारचौघांना ऐकवतही. पण मळका धातू दिसला की त्यांचे हात शिवशिवायचे. हे पदक तर काळंठिक्कर होतं. घरी आणल्या आणल्या त्यांनी ते आपल्या छोट्या चाकावर धरलं, कडेनं छान फिरवलं, आणि लखलखीत झाल्यावर मग भिंग घेऊन नंबर वाचला. माजी सैनिकांच्या संघटनेत नाव जुळलं, नंबर जुळला. शौर्यपदकं कुणाला मिळाली त्या नोंदींची पानं वाळवीनं खाल्लेली. पण एवढं जुळल्यावर आणखी काय बघायचं, असं तिथल्या कारकुनालाही वाटलं आणि यांनाही.

त्यांनी नर्सबाईंना सगळं सांगून टाकलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या उठल्या.

“तुम्हीच घासलंत ना, मग तुम्हीच परत आणून द्या.”

शिपायाची आई भाच्याकडे राहायची. पहिल्यांदा बिल्लेमास्तर गेले तेव्हा तिची खाट जिन्याखाली, केरसुण्या आणि रिकाम्या डब्यांच्या शेजारी होती. पदक आलं, पेपरवाले आले, नगरसेवक आला, आणि खाट खिडकीपाशी पुढच्या खोलीत आली. भाचेसून आल्यागेल्याला सांगायची, “आमच्या आत्याबाई वीरमाता आहेत.” आज तर चहाही आधी म्हातारीला मिळाला. बिल्लेमास्तरांनी आपला कप तसाच खाली ठेवला. सून आत गेल्यावर त्यांनी खालच्या आवाजात, अडखळत, सगळं सांगितलं.

म्हातारीनं ऐकून घेतलं. मग उशीखालची डबी काढली.

“मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, मास्तर. माझा पोरगा भटारखान्यात कांदे सोलायचा. सामानाची गाडी उलटली, तिच्याखाली गेला. तो कुठला पराक्रम करतोय?”

“मग मावशी, तेव्हाच का नाही बोललात?”

“त्याचं नाव तुम्ही केवढ्यांदा घेतलंत. या घरात ते कुणी घेतच नव्हतं.” तिनं पदक काढून त्यांच्या हातावर ठेवलं आणि रिकामी डबी पुन्हा उशीखाली सारली. “हिला सांगू नका. डबी कोण उघडून बघतंय?”

बिल्लेमास्तरांना स्वतःची लाज वाटली. माणसाला वर चढवायचं आणि मग खालची शिडी काढून घ्यायची, हेच आपण केलं, असं त्यांना वाटत राहिलं. निदान ज्याचं त्याला तरी मिळेल, अशी मनाची समजूत घालत त्यांनी नर्सबाईंचं घर गाठलं.

वडील उशांना टेकून बसले होते. औषधांचा वास होता, पण चादर स्वच्छ होती. नर्सबाईंनी पदक त्यांच्या तळव्यावर ठेवलं तसे त्यांचे डोळे एकदम जागे झाले. त्यांनी ते पुढून पाहिलं नाही, मागून पाहिलं नाही. अंगठ्याचं नख कडेवर टेकवलं आणि हळूहळू फिरवलं. एकदा फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग पदक बाजूला ठेवून दिलं.

“हे माझं नाही.”

“तुमचंच आहे, बाबा. नीट बघा तरी.”

“माझ्या नंबराला नख अडकतं. हे गुळगुळीत आहे. कुणाचं तरी नवं उचलून आणलंस.” म्हाताऱ्याचा आवाज चिडका झाला, मग रडवेला. “माझं कुठे गेलं?”

नर्सबाईंनी पदक उचललं, औषधांच्या खणात टाकलं आणि खण लावून घेतला. बिल्लेमास्तरांकडे त्यांनी पाहिलंही नाही. म्हाताऱ्याचं लक्ष मात्र आता त्यांच्याकडे गेलं होतं.

“हे कोण?”

“हे पदकांचे मालक शोधून काढतात,” नर्सबाई म्हणाल्या.

“हो का?” म्हातारा सावरून बसला आणि त्यानं हात जोडले. “मग साहेब, माझंही तेवढं शोधून द्या. नंबर सांगतो, लिहून घ्या.”

बिल्लेमास्तरांनी खिशातलं पेन काढलं आणि तो सांगेल तसा एकेक आकडा लिहून घेतला.