ताईच्या टेबलावरचे भिंग

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे. पितळी कडा, लाकडी मूठ आणि काचेवर एक बारीक ओरखडा. वर्तमानपत्रात नव्या चित्रकथांची परीक्षणे लिहिणाऱ्या एका बाईंनी मला घड्याळजीकडून आणले. घरात त्यांना ताई म्हणतात, म्हणून मीही ताईच म्हणते.

नवा अंक आला की ताई आधी गोष्ट वाचायची, मग मला उचलायची. सावलीतले ठिपके, डोळ्यांच्या कडेची रेष, एका चौकटीतून पुढच्या चौकटीत गोष्ट कशी सरकते, सगळे आम्ही दोघी मिळून पाहायचो. एखाद्या चित्रकाराचे कौतुक छापून आले की निम्मे श्रेय मी गुपचूप स्वतःकडे घ्यायचे.

मग टॅब आला आणि अंक त्याच्यावरच येऊ लागले. दोन बोटे फिरवली की चित्र मोठे! मी खणात, पेनांच्या टोपणांत जाऊन पडले. त्याला मऊ फडके, मला धूळ. माझा नुसता जळफळाट व्हायचा. त्याची बॅटरी संपली की मला आनंदाच्या उकळ्या फुटायच्या.

एका दुपारी खण उघडला. ताईच्या धाकट्या भावाने काढलेल्या चित्रकथेचा पहिला अंक छापून आला होता आणि तो त्याने कागदावर पाठवला होता. ऐन उमेदीत ताईनेही एक चित्रकथा काढली होती, पण ती कुणी छापली नव्हती.

तिने मला बाहीने पुसले. मी हरखून गेले. पण ती चित्रे पाहत नव्हती, चुका हुडकत होती. तिच्या पोटात दुखत होते. ते दुखणे मी लगेच ओळखले.

एक चूक सापडली. शेवटची पाने घाईत उरकली होती. ताईला बरे वाटले. मग ती मागची पाने उलटू लागली आणि सुईत दोरा ओवणाऱ्या म्हातारीच्या चौकटीवर थांबली. तिने मला हळूहळू वर उचलले, तशी म्हातारीची बोटे माझ्यात मोठी होत गेली. ताईने मला खाली ठेवून भावाला फोन लावला.

"शेवट गुंडाळलायस. ते मी लिहिणार आहे," ती म्हणाली. मग त्या चौकटीवर बोट ठेवून, "त्या म्हातारीचे हात मात्र मला नसते जमले रे."

तो म्हणाला, "टॅबवर पाठवता आला असता, ताई. तू नीट बघावंस म्हणून कागदावर दिला."

परीक्षणात घाईचा शेवट आणि म्हातारीचे हात, दोन्ही छापून आले.

मी पुन्हा खणात आहे, मित्रांनो, आणि टॅबवरचा राग काही गेलेला नाही. एवढेच मागते, कुणाच्या कामातली खोट शोधायला मला उचललेत, तर खोट सापडल्यावर लगेच खाली ठेवू नका.