गाभण मेंढीच्या श्वासातला सुगंध

गुलाबी झाकणाची काचेची बाटली. आतल्या पाण्यासारख्या औषधाने नखांवरचा रंग निघतो.

मेंढी गाभण असते एकशे सत्तेचाळीस दिवस. चार इकडे, चार तिकडे.

मान वर करून आभाळाकडे बघत उभी राहिलेली मेंढी. आभाळात काही नाही.

माझ्या दुकानात एक कुलूप आहे. किल्लीचं भोक पुढे, पण उघडतं मागून.

एका सकाळी तिघांनी मला सांगितलं, की माझं नाक पापी आहे.

आता गर्दी.

गर्दी ताईच्या शेडबाहेर होती. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिच्या बावीस मेंढ्या, बावीसही गाभण, व्यायला जेमतेम तीन आठवडे उरलेले. मागच्या वर्षी तिची नऊ कोकरं पहिल्याच आठवड्यात गेली होती. या वर्षी पुन्हा तसं झालं तर शेड मोडायची, असं तिने ठरवून टाकलं होतं. तिने ठरवलं की ठरवलं, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

म्हणून गंधबाबा.

बाबाचं शास्त्र सोपं होतं. गाभण मेंढी म्हणजे भांडं. भांडं आधीच भरलेलं असेल तर कृपा उतरणार कुठे? म्हणून शेवटच्या महिन्यात उपवास. दाणा बंद, पेंड बंद, वाळका चारा एक वेळ आणि तोही मुठीने. बाबा हे इतक्या गोड आवाजात सांगायचा, की ऐकणाऱ्याला स्वतःच्याच जेवणाची लाज वाटावी.

मग आठ-दहा दिवसांनी एखादी मेंढी कळपातून बाजूला व्हायची. मान वर, दात करकर वाजतायत, डोळ्यांपुढे हात नेला तरी पापणी हलत नाही. बाबा तिच्या तोंडापाशी नाक न्यायचा, डोळे मिटायचा आणि एवढंच म्हणायचा, "आली."

कृपा आली. पुरावा म्हणजे सुगंध. पिकून गेलेल्या फळासारखा गोडसर वास, आणि तोही जिने धड काही खाल्लेलं नाही तिच्या तोंडाला. ताईची पहिली मेंढी अशी उभी राहिली, तेव्हा लोक रांग लावून तिचं तोंड हुंगत होते. बाबा पुढे सांगायचा, हिच्या पोटी जुळं आहे. आधीच्या चार शेडमध्ये त्याने असं सांगितलं होतं आणि चारही ठिकाणी जुळंच निघालं होतं. मग झारीतून घट्टसर, गोड कृपाजल मेंढीच्या घशात. उठली, की ओंजळ ओंजळ मका, त्याचं नाव कृपेचा घास. जुळ्यातलं एक कोकरू मालकाचं, एक कृपेचं. कृपा स्वतः कोकरू न्यायला येत नसल्यामुळे टेम्पो बाबाचाच असायचा.

रांगेत माझा नंबर आला. मी हुंगलं. लोकर, धूळ, मेंढी. बाकी काही नाही.

तसं बोललो, तर बाबा हसला. मन स्वच्छ असेल त्यालाच येतो म्हणाला. मागचे दोघे लगेच हो म्हणाले. ताईने माझ्याकडे न बघता पदराने मेंढीचं तोंड पुसलं.

ती मेंढी तिसऱ्या दिवशी मेली. कृपाजल दोनदा पाजलं होतं. संशयी माणसाचं नाक लागलं म्हणून कृपा उलटली, असा निकाल लागला.

पाच दिवसांनी दुसरी मेंढी बाजूला जाऊन उभी राहिली.

संशय: दाढीत अत्तर. (बाबा शिंकला तेव्हा जवळ जाऊन पाहिलं. तंबाखू.)

संशय: बाहीत बाटली. (बाही फाटकी होती, आत फक्त हात.)

संशय: वास कुणालाच येत नाही, सगळे एकमेकांना घाबरून हो म्हणतायत. हा मला फार आवडला होता.

कुलूपवाला आहे मी. बंद वस्तूपाशी शांत बसायची सवय आहे. मेंढीचं तोंड साबणाने धुतलं, कोरडं केलं आणि उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत स्टूल टाकून तिच्यासमोर बसलो. बाबा आला नाही. कुणीच आलं नाही. शेवटी ताईला म्हटलं, आता हुंग.

ती वाकली. बराच वेळ वाकलेलीच राहिली.

"वाढलाय," ती म्हणाली. "जन्मभर दुसऱ्यांची कुलपं उघडलीस. आता स्वतःचं जरा उघड."

मी हरलो होतो. अत्तर नव्हतं, बाटली नव्हती, हात नव्हता आणि वास होता. ताई खोटं बोलत नाही. स्वतःचा फायदा असला तरी तिला ते जमत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको मला घरी न्यायला आली. तिचं नखांचं आणि केसांचं दुकान आहे, गिऱ्हाईक सोडून आली म्हणून चिडलेली होती. मेंढीजवळ येताच थांबली. पुन्हा हुंगलं.

"अहो, हा माझ्या दुकानातला वास आहे."

"कसला?"

"नखांचा रंग काढायच्या औषधाचा. दिवसभर हातात असते ती बाटली. झोपेतसुद्धा ओळखीन."

"वहिनी," ताई म्हणाली, "माझी मेंढी पार्लरला जात नाही."

माझा पुढचा संशय बायकोवर. नवरा हरतोय म्हणून बाजू घेत असेल. पण तिने आजवर माझी बाजू कधी घेतली आहे, हे आठवेना. तेव्हा हा संशय सोडून मी गुरांच्या डॉक्टरबाईंना घेऊन आलो.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. बाबाबद्दल काही विचारलं नाही. त्यांनी एकच प्रश्न केला: खायला काय घालता?

मी दाढी तपासली होती, बाही तपासली होती, मेंढीचं तोंड धुतलं होतं. हा प्रश्न मी विचारला नव्हता, कारण उत्तर मला आधीच माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. बाबा ते मोठ्याने सांगतच होता.

डॉक्टरबाईंनी मेंढीच्या लघवीत कागदाची पट्टी बुडवली, ती जांभळी झाली. मग त्या सांगत गेल्या. कोकराची बहुतेक वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते. नेमकं तेव्हाच पोटात चाऱ्याला जागा कमी पडते, म्हणून थोडक्यात ताकद देणारं खाणं लागतं, म्हणजे दाणा आणि पेंड. ते बंद केलं तर मेंढी कोकराला वाढवायला स्वतःची चरबी जाळते. जास्त जाळली की त्यातून रक्तात विष साठतं, आणि श्वासाला येतो तो वास त्याचाच. नखांच्या औषधात असतं तेच द्रव्य. मेंदूला साखर पुरत नाही, डोळ्यांना दिसेनासं होतं, मान वर जाते.

"पोटात दोन असतील तिला दुप्पट लागतं," त्या म्हणाल्या. "म्हणून ती आधी पडते. तुमचा बाबा जुळं ओळखत नाही. उपाशी ठेवतो आणि कोण आधी पडतंय ते बघतो."

झारीच्या तळाला राहिलेला थेंब त्यांनी बोटावर घेऊन चाखला. ग्लिसरीन. ओठ फुटले की लावतात ते. या आजारावर ते खरंच देतात, वेळेत दिलं तर मेंढी उठते, आणि उरलेलं काम तो ओंजळभर मका करतो. आजारही त्याचाच, औषधही त्याचंच. माझ्या नाकाबद्दल म्हणाल्या, काहींना हा वास कळतच नाही, पापपुण्याचा संबंध नाही.

ताई ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने डॉक्टरबाईंना विचारलं.

"त्यांच्याकडे झारी, तुमच्याकडे कागद. दोघं म्हणता विश्वास ठेव. मला फरक काय?"

"काही नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "माझ्यावरही ठेवू नका. दहा दिवस पोटभर खायला घाला, दाणा रोज थोडा थोडा वाढवत. मग त्यांना बोलवा आणि जुळी ओळखायला सांगा. कृपेला दिसत असेल तर भरल्या पोटातही दिसेल."

डॉक्टरबाईंनी आजारी मेंढीला औषध दिलं आणि त्या गेल्या. दुपारी तिसरी मेंढी दात वाजवू लागली. ताईने तो आवाज ऐकला. मग उठली, मक्याच्या पोत्याची शिवण तिने उसवली.

दहा दिवसांनी पुन्हा गर्दी. बाबा एकवीस तोंडं हुंगत गेला. पहिल्या पाच मेंढ्यांपाशी डोळे मिटले, नंतर मिटायचे विसरला. विसाव्या मेंढीने त्याची दाढी चावायचा प्रयत्न केला, तिच्या अंगात आता तेवढी ताकद होती. शेवटी हात झटकून त्याने जाहीर केलं, की इथे भांडी भरलेली आहेत, कृपा उठून गेली, एकीच्याही पोटी जुळं नाही.

डॉक्टरबाईंनी त्याला हे परत म्हणायला लावलं, मागच्यांना ऐकू आलं नाही म्हणून. त्याने म्हटलं.

पुढच्या आठवड्यात आठ जुळी जन्मली. लोक रोज मोजायला येत होते. बहुतेक कोकरं अर्ध्या तासात उभी राहून आईला लुचू लागली. ज्या दोघी पडल्या होत्या त्यांची जुळी मात्र बारकी निघाली, त्यातलं एक वाचलं नाही. ताईने ते स्वतः पुरलं आणि कुणाला सोबत येऊ दिलं नाही. शेड उभी आहे. टेम्पो नंतर दिसला नाही. डॉक्टरबाईंनी चौकशी केली तेव्हा कळलं, की बाबा अकरा वर्षं मेंढ्यांच्या एका मोठ्या फार्मवर चारा टाकायला होता. ग्लिसरीनचे डबे तिथे फळीवरच असायचे.

संशय घ्या. पण माझ्यासारखा नको. मी चमत्कार करणाऱ्याचे हात बघत बसलो आणि ज्याच्यावर चमत्कार चालला होता त्याचं पोट बघितलं नाही. कुणी तुम्हाला, तुमच्या जनावराला, तुमच्या घरातल्या गरोदर बाईला काही सोडायला सांगितलं, अन्न, औषध, झोप, तर आधी विचारा: ते सोडल्यावर शरीरात काय होतं? उत्तर माहीत असणारं माणूस जवळपास असतंच. आणि त्याच्यावरही नुसता विश्वास ठेवू नका, करून बघा.

पहिली मेंढी पडली त्याच्या आदल्या दिवशी ती सकाळपासून रिकामी गव्हाण चाटत होती.