बाबांच्या कोटांआड

सॅक्सोफोन वाजवणारा माणूस कपाटात बसून सराव करतो, हे ऐकून लोक हसायचे. हसोत बापडे. घर दोन खोल्यांचं आणि बाबा कायम रात्रपाळीला, म्हणजे दिवसा झोपलेले. "तो भोंगा बंद कर आधी!" ही बाबांनी त्याला दिलेली पहिली दाद. मग पंधराव्या वर्षी तो कपड्यांच्या कपाटात शिरला, दार ओढून घेतलं आणि वाद्याचं तोंड बाबांच्या जाड कोटांत खुपसून फुंकू लागला. पुढे बाबा निवृत्त झाले, याचं लग्न झालं, केस पिकले, तरी गडी आपला कपाटातच.

हॉटेलातल्या बँडमध्ये चौघांच्या मागे उभा राहून तो निभावून न्यायचा. पण सत्तेचाळिसाव्या वर्षी जॅझचा पहिला अल्बम करायचं ठरलं, आणि तो याच्या एकट्याच्या नावावर. स्टुडिओ तीन दिवसांपुरता मिळाला होता. तिथली खोली उंच छताची, मोकळी. पहिला सूर खोलीभर फिरून परत अंगावर आला आणि त्याला वाटलं, आता कोणीतरी झोपेतून उठणार. बोटं जागच्या जागी थिजली. दुसऱ्या दिवशीही तेच.

"साहेब, जरा मोकळे व्हा ना!" काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला.

मोकळं व्हायला तो काय कमरेचा पट्टा होता, सैल करायला?

तिसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं पिशवी भरून पुढ्यात ठेवली. "अहो, कपाट नेता येत नाही ना? मग कोट तरी न्या."

रेकॉर्डिस्टनं डोक्याला हात लावला, पण माइकभोवती कोट टांगले, वरून घोंगडी टाकली. तो आत शिरला. डांबरगोळ्यांचा ओळखीचा वास आला आणि छातीतला श्वास सुटला. संध्याकाळपर्यंत सातही रचना झाल्या.

अल्बम हातात आला तसा त्यानं तो आधी बाबांना ऐकवला. त्यांच्याकडून एक बरा शब्द मिळावा, एवढीच त्याची जन्मभराची भूक होती. ऐंशीचे बाबा स्पीकरला कान लावून शेवटपर्यंत बसले.

"छान वाजवतोस रे," ते म्हणाले. "पण असा दबून का वाजवतोस? तुला कोणी अडवलं होतं का?"

बायकोनं मान दुसरीकडे वळवली. बत्तीस वर्षांचं बोलणं त्याच्या ओठांपर्यंत आलं. संतापानं कानशिलं तापली. पण म्हाताऱ्याला खरोखरच काही आठवत नव्हतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं.

"नाही हो बाबा. कोणी नाही."

"मग झालं तर. लाव परत. जरा मोठ्यानं."

त्यानं आवाज होता तेवढा वाढवला, आतल्या खोलीत गेला, कपाटात बसला आणि दार ओढून घेतलं. बाहेर त्याचाच सॅक्सोफोन घर दणाणून टाकत होता, आणि आत तो, कोणाची झोप मोडू नये म्हणून, कोटांत तोंड खुपसून रडत होता.