अभिप्रायाचं बक्षीस

पडद्यावरच्या अस्वलानं खिळा सोडून स्वतःच्याच अंगठ्यावर हातोडा घातला आणि आमचे हे खदाखदा हसले. इतके, की पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उजव्या हाताला बँडेज, आत दोन बोटं नाहीत, आणि माणूस हसतोय कशाला, तर अस्वलाचा अंगठा सुजून दुधीभोपळ्याएवढा झाला म्हणून! पुढच्या क्षणी तो अंगठा पुन्हा जसाच्या तसा. पोरं टाळ्या पिटत होती.

सातपूरच्या आमच्या कारखान्यात दर मार्चमध्ये सुरक्षा सप्ताह व्हायचा. घोषणांच्या पाट्या, साहेबांचं भाषण, आणि शेवटच्या संध्याकाळी कॅन्टीनमध्ये चादर लावून सिनेमा, घरच्या माणसांसकट. एकोणऐंशी साली कुठूनतरी परदेशी कार्टून आणलं होतं. एक अस्वल आणि एक बोका घराचं छप्पर दुरुस्त करायला निघतात आणि सगळं घरच खाली आणतात, एवढीच गोष्ट. बोलणं काही नाही, नुसती आदळआपट. ते संपलं की ज्याला वाटेल त्यानं ओट्यावर चढून माइकवर अभिप्राय सांगायचा. ज्याचा चांगला, त्याला स्टीलचा डबा. परीक्षक होते फोरमन रंगनाथभाऊ.

ह्याच भाऊंनी ह्यांच्या पत्रा दाबायच्या प्रेसचा गार्ड काढायला लावला होता. हात आत जाऊ नये म्हणून प्रेसपुढे लोखंडी जाळी असते, तो गार्ड. तो असला की माल सावकाश निघतो. महिनाअखेरीची घाई होती. भाऊ म्हणाले काढून ठेव, ह्यांनी काढला. आणि बोटं गेली.

भाऊ आमच्याच गावचे, विंचूरचे. ह्यांना कामाला त्यांनीच लावलं. दवाखान्यात पहिले तेच धावले, खोटं कशाला बोलू? पण नंतर घरी आले आणि दार लोटून म्हणाले, "निवृत्ती, सोमवारी चौकशी हाय. माझंच ध्यान नव्हतं, एवढं बोल. गार्डाचं नाव काढू नको. तुला गेटवर बसवायचं माझ्याकडं लागलं." ह्यांनी मान हलवली.

भाऊ गेल्यावर मी तडकले. "अहो, बेफिकीर माणूस आम्हाला नको, असं साहेबच म्हणाले तर? मग कुठलं गेट?"

"त्यांनीच पोटाला लावलं आपल्याला," हे म्हणाले. "त्यांच्यावर कसा उलटू?"

ते तरी मी गिळलं असतं. पण त्या प्रेसवर आता शेजारच्या धोंडाबाईचा पोरगा भिका उभा राहत होता. नुकतंच लग्न झालेला, कामावर नवा. त्याला वाटायचं, ही प्रेस अशीच असते. गार्ड अजून भिंतीशी पडलेला. आणि धोंडाबाई माझ्या शेजारी बसून शेंगा सोलत कार्टून बघत होती. तिच्याकडे बघायची मला हिंमत होत नव्हती.

दिवे लागले. अभिप्राय सुरू झाले. पहिला उठला ह्यांच्या खात्यातला फकिरा. "अस्वल तंबाखू मळत शिडीवर चढलं, म्हणून पडलं!" हशा. ऑफिसातल्या एका कारकुनानं, बोक्यानं हेल्मेट घातलं असतं तर हा प्रसंग ओढवला नसता, असं छापील भाषेत सांगितलं. धोंडाबाई जागेवरूनच ओरडली, "घरात बाई नाय, म्हनून हे झालं! बाई असती तर सरळ गवंडी बोलावला असता!" तिच्यावर तर साहेबसुद्धा हसले.

सगळ्यांचं तात्पर्य मात्र एकच. चूक अस्वलाची, बेफिकिरी नडली. तो शब्द आला की माणसं ह्यांच्या बँडेजकडे बघायची. चौकशी सोमवारी कशाला, इथेच चालली होती.

तेवढ्यात रंगनाथभाऊंनी माइक हातात घेतला. "आता आपला निवृत्ती बोलंल. त्याच्याइतकं ह्यातलं कोणाला कळतंय?"

मी ह्यांची बाही धरली. "जाऊ नका." त्यांनी ती हळूच सोडवली.

"कार्टून लय चांगलं होतं," हे माइकसमोर म्हणाले. आवाज कापत होता. "चूक अस्वलाचीच. त्यानं ध्यान द्यायला पाहिजे होतं." जरा थांबून म्हणाले, "माझ्यासारखंच."

साहेबांनी टाळी वाजवली. भाऊंचा चेहरा एकदम मोकळा झाला आणि त्यांनी तिथल्या तिथे बक्षीस जाहीर करून डबा पुढे केला. मला रडू फुटायचं बाकी होतं.

ह्यांनी सवयीनं उजवा हात पुढे केला. डबा निसटला. झाकण एकीकडे, डबा दुसरीकडे, खणखणत पायरीवरून खाली आला आणि बाकांखाली गडगडत गेला. कार्टून पोरांच्या अंगातून उतरलं नव्हतं, ती फिदीफिदी हसली. त्यांचं बघून मोठेही हसले. "अगं बाई, थेट अस्वल!" असं म्हणत धोंडाबाईनं तोंडाला पदर लावला. त्या वेळी मला तिचा इतका राग आला, की तिच्या हातातल्या शेंगा उधळून द्याव्यात.

हे हसले नाहीत. पायरी उतरता उतरता थांबले, आपल्या हाताकडे बघितलं आणि पुन्हा माइकपाशी गेले.

"अस्वलाचा अंगठा लगेच बरा झाला, म्हनून आपन हसलो. मीबी हसलो." आता आवाज कापत नव्हता. "माझा अभिप्राय चुकला. परत सांगतो. प्रेसचा गार्ड काढलेला होता. रंगनाथभाऊंनी सांगितलं, मी काढला. चूक दोघांची हाय."

साहेबांनी मान वर केली. भाऊंनी कसंबसं हसत ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "निवृत्ती, हे सोमवारी बोलू की."

"सोमवारपर्यंत भिका रोज त्या प्रेसवर उभा राहील, भाऊ. गार्ड अजून बसवला नाय."

धोंडाबाई उठली. मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या, तिला भान नव्हतं. ती माझ्याशी बोलली नाही, भाऊंशी नाही, साहेबांशीही नाही. भिका मागे दाराला टेकून उभा होता. बाकांमधून वाट काढत ती त्याच्यापाशी गेली, त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि सगळ्यांसमोर त्याचं एकेक बोट चाचपून बघू लागली.